पायांवर पडणे म्हणजे सुरक्षित पडणे नव्हे : घरातील मांजर आणि उंचीचा धोका

धान्य, उंदीर आणि मांजर ही साखळी शेतीइतकीच जुनी आहे. पश्चिम आशियात मानवाने धान्य साठवण्यास आरंभ केला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे फेलिस लिबिका हे रानमांजर वस्तीच्या कडेला येऊन राहिले. सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी माणसाशेजारी पुरलेले मांजर आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मांजर आणि शेतकरी यांचे नाते किती प्राचीन आहे, हे त्यावरून ध्यानात येते. कोठाराचा हा राखणदार आज मात्र मोठ्या संख्येने शहरांतील सदनिकांमध्ये आणि संस्थांच्या बहुमजली निवासी वसाहतींमध्ये राहतो. त्याच्या शरीराची घडण आणि वृत्ती रानातलीच राहिली आहे. पायाखालची जमीन तेवढी चार-पाच मजले खाली गेली आहे.

रस्त्यावरील वाहने, कुत्री आणि संसर्गजन्य रोग यांपासून मांजर वाचावे, म्हणून ते घरातच ठेवण्याकडे पालकांचा कल वाढत आहे आणि तो योग्यच आहे. परंतु घरात ठेवलेले मांजर खिडकी, सज्जा किंवा गच्ची येथून पडण्याचा धोका पुरेशा गांभीर्याने घेतला जात नाही. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यक गॉर्डन रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये अशा पडण्यातून होणाऱ्या इजांच्या समूहाचे वर्णन केले. पशुवैद्यकात तो ‘हाय-राइज सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा एकाच वाक्यात संपते : मांजर कसेही पडले तरी पायांवरच पडते. हे वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो अनेक मांजरांच्या जिवावर बेतलेला आहे.

मांजर पायांवर कसे पडते

मांजराच्या आंतरकर्णातील संतुलनेंद्रिय ‘वर’ आणि ‘खाली’ यांतील भेद क्षणार्धात ओळखते. शरीर उलटे झाले की प्रथम डोके फिरते, त्यामागोमाग शरीराचा पुढचा भाग आणि शेवटी मागचा भाग फिरतो. मांजराचा कणा अत्यंत लवचीक असतो. त्याचे गळपट्टीचे हाड लहान असून इतर हाडांना सांध्याने जोडलेले नसते, त्यामुळे खांदे मोकळेपणाने वळतात.

हवेत कशाचाही आधार नसताना शरीर फिरते कसे, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील वैज्ञानिकांनाही कोड्यात टाकले होते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराची शीघ्र छायाचित्रांची मालिका प्रसिद्ध केली आणि मांजर कोणताही आधार न घेता वळते, हे सर्वांना दिसले. १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी या हालचालीचे गणिती प्रारूप मांडले. मांजर कमरेत वाकून शरीराचे दोन भाग वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरवते. पुढचे पाय जवळ घेतल्याने पुढचा भाग पटकन वळतो, तर ताणलेल्या पायांमुळे मागचा भाग उलट दिशेने थोडासाच वळतो. नंतर याच्या उलट क्रिया होते. एकूण कोनीय संवेग शून्यच राहतो, तरीही मांजर सरळ होते. ही प्रतिक्षिप्त क्रिया पिल्लांमध्ये वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पूर्ण विकसित होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही क्रिया शरीराची दिशा बदलते. पडण्याचा वेग कमी करत नाही. हवेचा रोध बाजूला ठेवला, तर ३ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू पाऊण सेकंदात जमिनीवर पोहोचते आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. ६ मीटरवरून हा वेग ताशी ३९ किलोमीटर होतो आणि १२ मीटरवरून, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून, ताशी ५५ किलोमीटर. या वेगाने काँक्रीटवर किंवा फरशीवर आदळणारे शरीर सरळ असले, तरी आघात कोणाला तरी सोसावाच लागतो. तो आधी पाय सोसतात, मग हनुवटी आणि छाती.

आकारमान आणि पतन

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला पडण्याचे भय फारसे परिचित नसते, कारण आमच्या अभ्यासविषयाला ते नाहीच. झाडाच्या शेंड्यावरून पडलेली मुंगी किंवा भुंगेरा खाली पोहोचताच चालू लागतो. याचे कारण ज्येष्ठ जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी प्राण्यांच्या आकारमानावरील १९२६ च्या आपल्या निबंधात सुबोधपणे सांगितले आहे. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि भुवनेश्वर येथे १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. प्राण्याची लांबी दहापट कमी झाली, तर त्याचे वजन हजारपट कमी होते. पृष्ठभाग मात्र शंभरपटच कमी होतो. म्हणजे वजनाच्या तुलनेत हवेचा रोध दहापट वाढतो. लहान प्राणी त्यामुळे हवेत जणू तरंगत उतरतो, मोठा प्राणी आदळतो.

मांजर या दोहोंच्या मध्ये येते. उंचावरून पडताना पाय पसरल्यावर मांजराचा अंतिम वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या आत स्थिरावतो. माणसाचा तो जवळजवळ दुप्पट असतो. मांजर माणसापेक्षा अधिक वेळा वाचते, याचे हे एक कारण. परंतु मांजर मुंगी नव्हे. तीन ते पाच किलोग्रॅम वजनाच्या प्राण्याला ताशी ५० किलोमीटर वेगाचा आघात निरुपद्रवी ठरू शकत नाही.

अभ्यास काय सांगतात

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास व्हिटनी आणि मेलहाफ यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरे आणली गेली होती. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. सातव्या मजल्यापेक्षा अधिक उंचीवरून पडलेल्यांमध्ये इजा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, असेही त्या नोंदींत दिसले. अंतिम वेग गाठल्यानंतर मांजर स्नायू सैल सोडते आणि पाय आडवे पसरते, असे स्पष्टीकरण त्यासाठी देण्यात आले. लोकप्रिय लेखनात मात्र यातून ‘जितके उंच, तितके सुरक्षित’ असा विपरीत अर्थ पसरला.

संशोधनाची सवय असलेल्या वाचकाच्या ध्यानात येथील अडचण लगेच येईल. नमुना रुग्णालयात आणलेल्या मांजरांचा होता. जी जागीच मरण पावली, त्यांना रुग्णालयात आणण्याचे कारणच उरले नव्हते. शेतातून केवळ जगलेली रोपे मोजून रोगाची तीव्रता ठरवावी, तसा हा प्रकार होईल. तेव्हा ९० टक्के हा आकडा पडलेल्या सर्व मांजरांचा नसून उपचारांपर्यंत पोहोचलेल्या मांजरांचा आहे, हे विसरता कामा नये.

क्रोएशियातील झाग्रेब येथे ११९ मांजरांवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक बोलका आहे. त्यातील सुमारे ६० टक्के मांजरे एक वर्षाहून लहान होती. सरासरी उंची चार मजल्यांची होती. ४६ टक्के मांजरांच्या पायांची हाडे मोडली होती, तर एक तृतीयांश मांजरांच्या छातीला इजा झाली होती. सातव्या किंवा त्यावरील मजल्यांवरून पडलेल्यांमध्ये इजा अधिक गंभीर होत्या आणि छातीच्या इजांचे प्रमाणही अधिक होते. पडण्याच्या घटना उबदार महिन्यांत जास्त घडल्या, कारण तेव्हा खिडक्या उघड्या असतात. भारतात बहुतेक भागांत खिडक्या वर्षातील बराच काळ उघड्या असतात, हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही.

उंची कळते, मग मांजर पडते कसे

मांजराला उंची कळत नाही, असे नाही. गिब्सन आणि वॉक यांनी १९६० मध्ये वर्णन केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात काचेखाली खोल दरीचा आभास निर्माण केला होता. महिनाभराची पिल्लेही त्या बाजूला जाण्याचे टाळत. म्हणजे खोलीचे भान मांजराला फार लवकर येते. ते पडते त्याची कारणे वेगळी आहेत.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे भक्ष्यावर खिळलेले लक्ष. कठड्यावर बसलेल्या मांजरापुढून कबुतर उडाले किंवा पतंग फडफडला, की शिकारीची क्रिया सुरू होते आणि तिच्यात पायाखालच्या कडेचा हिशेब मागे पडतो. दुसरे कारण निसटते पाऊल. झाडाच्या सालीत नखे रुततात. ग्रॅनाइटची उंबरपट्टी, ॲल्युमिनियमची चौकट, ओली फरशी किंवा पावसाळ्यात शेवाळलेला छज्जा यांत रुतत नाहीत. तिसरे कारण झोप : उन्हाला अरुंद उंबरपट्टीवर झोपलेले मांजर कूस बदलताना घसरते. चौथे कारण दचकणे. फटाका, प्रेशर कुकरची शिट्टी, अचानक आपटलेले दार यांपैकी काहीही त्यास पुरेसे असते. आणि पाचवे कारण प्रजननकाळातील अस्वस्थता : नसबंदी न केलेला बोका किंवा माजावर आलेली मांजरी बाहेर जाण्यासाठी एरवी न घेणारी जोखीम घेते.

सज्जातील दिवा : एक अजाणता लावलेला प्रकाश सापळा

पहिल्या कारणाचा माझ्या विषयाशी जवळचा संबंध असल्याने त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे उचित होईल. प्रकाश सापळा आपल्या वाचकांना नवा नाही. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात, तेव्हा ते गोळा करण्यासाठी शेतात आपण हाच सापळा लावतो. सज्जात किंवा खिडकीजवळ रात्रभर जळणारा पांढरा दिवाही नेमके हेच काम करतो. त्याच्याभोवती पतंग, भुंगेरे, तुडतुडे आणि पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखधारी कीटक जमतात. त्यांच्यामागे भिंतीवर पाली येतात. आणि पालींमागे, कठड्यावर, मांजर येते.

कीटक दिव्याभोवती का घिरट्या घालतात, याबद्दल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने महत्त्वाचा प्रकाश टाकला. उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून ‘वर’ कोणते ते ठरवतात, कारण निसर्गात रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते. कृत्रिम दिवा जवळ असला की पाठ त्याच्याकडे वळते, उड्डाण तिरके होते आणि कीटक त्याच्याभोवती अडकतो. कीटक ‘वर’ कोठे हे चुकतो. मांजर ते कधीच चुकत नाही, पण कीटकामागे धावताना कड कोठे संपते हे विसरते. एकाच दिव्याने दोघांचीही फसगत होते.

उपाय सोपा आहे. सज्जातील आणि खिडकीलगतचे दिवे अनावश्यक वेळी बंद ठेवावेत. लागत असल्यास पिवळसर छटेचा, कमी तीव्रतेचा दिवा वापरावा. अतिनील आणि निळ्या प्रकाशाकडे कीटक अधिक आकृष्ट होतात, त्यामुळे अशा दिव्याकडे ते तुलनेने कमी येतात. घरातील उजेड बाहेर जाऊ नये म्हणून सायंकाळी पडदे ओढावेत. पहिल्या पावसाच्या आसपासच्या संध्याकाळी तर सज्जाचे दार बंदच ठेवणे श्रेयस्कर. कबुतरांना सज्जात दाणे टाकण्याची सवय असल्यास मांजर असलेल्या घराने ती सोडून द्यावी.

डासांची जाळी मांजरासाठी नसते

‘आमच्या खिडकीला जाळी आहे’ हे उत्तर वारंवार ऐकू येते. ती जाळी कोणासाठी केली आहे, हे पाहिले पाहिजे. एका डासाचे वजन सुमारे अडीच मिलिग्रॅम असते; चार किलोग्रॅमचे मांजर त्याच्या सोळा लाखपट जड असते. वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवलेली किंवा रबरी दोरीने चौकटीत बसवलेली फायबरची जाळी मांजराच्या एका झेपेने निघून येते. पुष्कळदा मांजर जाळीला टेकून झोपते आणि जाळीसह खाली जाते. सरकत्या खिडकीचे जाळीचे तावदान मांजर पंजाने सरकवायला शिकते, हेही अनेकांच्या अनुभवाचे आहे.

लोखंडी ग्रिलबद्दलही असाच गैरसमज आहे. ग्रिल माणसाला अडवण्यासाठी असते. सामान्यतः ज्या फटीतून मांजराचे डोके जाते, तिच्यातून त्याचे उर्वरित शरीरही जाते, आणि पिल्लाचे डोके लिंबाएवढेच असते. बाहेर काढलेल्या पेटीवजा ग्रिलमध्ये मांजर कुंड्यांमध्ये आरामात बसलेले दिसते, परंतु तिच्या तळाच्या गजांमधील अंतर बहुधा कोणी मोजलेले नसते.

जाळी निवडताना पुढील बाबी पाहाव्यात.

खिडकीसाठी स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी किंवा बाजारात वेल्डमेश म्हणून मिळणारी जस्तलेपित जाळी ग्रिलच्या आतून, स्क्रूने घट्ट बसवावी. वेल्डमेशचे छिद्र २५ मिलिमीटरहून मोठे नसावे.

सज्जासाठी कबुतरांना अडवणारी नायलॉनची जाळी सर्वत्र लावून मिळते. ती चारही बाजूंनी, विशेषतः खालच्या कडेला, ताणून बसवलेली असावी. खाली चार बोटांची फट राहिली, तर मांजर नेमके तेथूनच बाहेर पडते. नायलॉन उन्हाने कालांतराने ठिसूळ होते आणि काही मांजरे ते कुरतडतात. म्हणून मांजराची उंची पोहोचते तितक्या खालच्या भागात धातूची जाळी जोडणे उत्तम.

बसवल्यानंतर जाळीच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत तळहाताने चांगला जोर द्यावा. चौकट हलली, स्क्रू सैल वाटला किंवा जाळी फुगली, तर काम अपुरे आहे असे समजावे.

निदान एका खिडकीची जाळी आणि ग्रिल आतून उघडता येण्याजोगी ठेवावी, म्हणजे आग लागल्यास माणसांना बाहेर पडता येईल. तिला मांजराला उघडता न येणारी खिट्टी असावी.

शासकीय निवासस्थानात किंवा भाड्याच्या घरात भिंतीला छिद्रे पाडण्यास परवानगी नसेल, तर खिडकीच्या मापाच्या लाकडी चौकटीवर धातूची जाळी ठोकून ती चौकट आतून पाचर मारून घट्ट बसवता येते. गृहनिर्माण संस्थेच्या दर्शनी भागाबाबत नियम असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. काम पूर्ण होईपर्यंत खिडकी तीन-चार बोटांपेक्षा अधिक उघडू नये, यासाठी सरकत्या तावदानाच्या खोबणीत लाकडी पट्टी आडवी टाकावी. पिल्लू असल्यास एवढीही फट धोक्याची आहे; ती खिडकी बंदच ठेवावी.

न्हाणीघरातील काचेच्या पट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट पंख्याचे मोकळे भोक, वातानुकूलन यंत्राच्या बाह्य भागाकडे जाणारा झरोका आणि इमारतीतील मोकळा डक्ट या जागा सहज नजरेतून सुटतात. डक्टमध्ये पडलेले मांजर तर दिवसभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

घरातल्या घरात पडणे

कमी उंची म्हणजे कमी धोका, हे निरोगी तरुण मांजराबाबत बव्हंशी खरे आहे. परंतु पिल्ले, वयस्क मांजरे, संधिवात झालेली, दृष्टी मंदावलेली किंवा स्थूल मांजरे कपाटावरून अथवा माळ्यावरून पडूनही जायबंदी होतात. सरळ होण्यासाठी थोडा वेळ आणि थोडी उंची लागते. पलंगावरून पाठीवर निसटलेल्या पिल्लाला ती मिळतेच असे नाही. लहान मुलांनी पिल्लाला उभ्याने उचलू नये. त्यांना खाली बसवून पिल्लू मांडीवर द्यावे.

उंच जागी बसण्याची मांजराची ओढ नैसर्गिक आहे. तेथून त्याला परिसर दिसतो आणि सुरक्षित वाटते. ती ओढ मोडण्याऐवजी घरातच भागवावी. भिंतीला पक्क्या बसवलेल्या, निदान ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या पायऱ्यांसारख्या लावाव्यात आणि त्यांवर गोणपाट किंवा सतरंजीचा तुकडा ठोकावा, म्हणजे नखांना पकड मिळते. डळमळणारे स्टूल, भिंतीला न अडकवलेले पुस्तकांचे रॅक, उंचावर ठेवलेला दूरचित्रवाणी संच यांवर मांजराने झेप घेतली, तर वस्तूही त्याच्यासोबत खाली येते. वयस्क मांजराच्या आवडत्या खिडकीपाशी मध्ये एक टप्पा ठेवावा. सायंकाळी, मांजराच्या स्वाभाविक शिकारीच्या वेळी, दहा-पंधरा मिनिटे दोरीच्या टोकाला बांधलेल्या चिंधीशी त्याला खेळवावे आणि मग खाऊ घालावे. थकलेले आणि पोट भरलेले मांजर कठड्यावर कमी जाते. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घेतल्यास बाहेर पळण्याची धडपडही घटते.

पडल्यानंतर काय करावे

आमच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरून दहा महिन्यांचे एक मांजर पडले होते. ते पायांवरच पडले, उठले आणि धावत एका मोटारीखाली जाऊन बसले. घरच्यांनी त्याला वर नेले, थोडे दूध दिले आणि देवाचे आभार मानले. अंगावर कोठेही रक्त नव्हते. रात्री त्याचा श्वास जोरात चालू लागला आणि पहाटे ते गेले. या प्रसंगात कोणाचीही बेपर्वाई नव्हती. होता तो केवळ त्या एका वाक्यावरचा विश्वास.

उंचावरून पडलेल्या मांजराच्या फुप्फुसाभोवती हवा साचू शकते, फुप्फुसाला जखम होऊ शकते, मध्यपटल फाटू शकते, मूत्राशय फुटू शकते. हनुवटी आपटल्याने टाळू दुभंगते, दात आणि जबडा मोडतो. यांतील अनेक इजा बाहेरून दिसत नाहीत आणि त्यांची लक्षणे काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी प्रकट होतात. म्हणूनच नियम एकच आहे : दुसऱ्या मजल्यावरून पडले असो वा सहाव्या, चालत असो वा नसो, मांजर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे.

प्रथम शांतपणे शोध घ्यावा. घाबरलेले मांजर पडलेल्या जागेजवळच वाहनाखाली, जिन्याखाली किंवा झुडपात लपते. त्याच्यामागे धावू नये. जाड टॉवेल हळूच अंगावर टाकून, पाठीचा कणा शक्य तितका सरळ ठेवून, ते पुठ्ठ्यावर किंवा फळीवर सरकवावे आणि हवेशीर खोक्यात ठेवावे. वेदनेने ते चावू शकते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीज प्रतिबंधक लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला त्वरित घ्यावा.

तोंड उघडून श्वास घेणे, हिरड्या फिकट किंवा निळसर पडणे, मागचे पाय ओढणे, नाकातोंडातून रक्त येणे, लघवी न होणे ही अत्यंत तातडीची लक्षणे होत. तपासणीपूर्वी अन्न, पाणी किंवा दूध देऊ नये, कारण शस्त्रक्रियेची गरज पडू शकते आणि टाळू दुभंगली असल्यास दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. माणसांची वेदनाशामके कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. त्याचे यकृत हे औषध सुरक्षितपणे निष्क्रिय करू शकत नाही आणि एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. मोडलेला पाय घरी बांधण्याचा प्रयत्न करू नये. जवळचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय रात्री कोणत्या वेळेपर्यंत उघडे असते, हे आधीच विचारून दूरध्वनी क्रमांक दाराशी लिहून ठेवावा.

थोडक्यात

• घरातील प्रत्येक खिडकी, सज्जा, झरोका आणि डक्ट मांजराच्या उंचीवरून, म्हणजे गुडघ्यावर बसून, एकदा तपासावा.

• डासांची जाळी आणि ग्रिल यांना मांजराची सुरक्षितता समजू नये. स्क्रूने बसवलेली धातूची जाळी लावावी.

• सज्जात व खिडकीलगत रात्री दिवा जळत ठेवू नये आणि पक्ष्यांना दाणे टाकू नयेत.

• एक वर्षाखालील मांजर उघड्या खिडकीजवळ क्षणभरही एकटे सोडू नये.

• मांजर पडल्यास ते ठणठणीत दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे.

पेरणीपूर्वी आपण बी-बियाणे, अवजारे आणि बांध तपासतो. पाऊस आल्यावर ती कामे करता येत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस, वाळवीचे पंख दिव्याखाली पडू लागण्याआधी, सज्जाच्या जाळीचे स्क्रू आणि खालची कड तपासण्याचे काम याच यादीत घालावे. त्याला अर्धा तास लागतो. पडण्याला पाऊण सेकंदही पुरतो.